पाटीवरचा कुडा

जरा डोळे मिटा. किलकिले ठेवून चोरून बघितलंत तरी चालेल, मीही लहानपणी तेच करायचो.

आता समोर दोन झुडपं आणा. दोन्ही तुमच्या बाबांपेक्षा हातभर उंच. दोन्हींची पानं फांदीवर समोरासमोर, जोडीजोडीने. दोन्हींना पांढरी फुलं, प्रत्येक फुलाला पाच पाकळ्या. पान तोडलं की दोन्हींतून दुधासारखा चीक येतो. यातल्या एकाच्या फुलांची भाजी होते. दुसऱ्याची फुलं देवाला वाहायची, पोटात घालायची नाहीत.

सांगा, भाजीचं कोणतं?

घाई करू नका. मी केली होती, आणि त्या घाईची भाजी एका साहेबांनी तीनदा वाढून घेऊन खाल्ली.

डोळे अजून उघडू नका. जुलै महिना आहे, सकाळचे नऊ वाजलेत, आणि तुम्ही सह्याद्रीच्या माथ्यावरच्या एका दोन खोल्यांच्या शाळेमागे उभे आहात. गावाचं नाव सांगत नाही. चूक माझी होती, गावाचं नाव त्यात कशाला? पायाखाली चिखल आहे. समोर ती दोन झुडपं, दोन्हींच्या गळ्यात तारेने बांधलेली पत्र्याची पाटी. मधे चौथीतली एक मुलगी हात मागे बांधून उभी आहे. तिचं नाव झुंबर. तिच्यासमोर सव्वीस वर्षांचा एक मास्तर आहे. तो मी.

"पुन्हा म्हण," मी म्हणालो.

झुंबरने डावीकडच्या झुडपाकडे हात केला. "हा कुडा. हा औषधी आहे. याच्या फुलांची भाजी करतात." मग उजवीकडे वळली. "ही तगर. ही शोभेची आहे. ही विषारी आहे. हिची फुले खाऊ नयेत."

"शाबास. साहेबांसमोर असंच म्हणायचं. अडखळायचं नाही."

"आन साहेबांनी दुसरंच काय इचारलं तर?"

"दुसरं काही विचारत नाहीत ते."

"मंग बरंय," झुंबर म्हणाली आणि पायाच्या अंगठ्याने चिखल उकरायला लागली.

त्या दिवसावर माझं काय टांगलेलं होतं ते सांगायला हवं. मी मूळचा बार्शीचा. नोकरी लागली ती अशी घाटमाथ्यावर, घरापासून पावणेतीनशे किलोमीटरवर. बायको बार्शीला होती, मुलगी सात महिन्यांची झाली होती आणि मी तिला दोनदा पाहिलं होतं. दुसऱ्यांदा पाहिलं तेव्हा ती मला बघून रडली. बदलीचा अर्ज करून वर्ष झालं होतं. मागच्या भेटीत आमचे विस्तार अधिकारी खर्डेकर साहेब म्हणाले होते, "होनराव, शाळेत वनस्पतींची बाग करा. प्रत्येक झाडाला पाटी लावा, मुलांकडून माहिती वदवून घ्या. शेरा चांगला पडला तर तुमच्या अर्जावर शिफारस लिहायला मला काही तरी आधार मिळेल."

मी एकोणीस पाट्या रंगवल्या. एकोणीसपैकी सतरा बरोबर होत्या, हे मी आजही सांगतो. पण सतरा बरोबर पाट्यांची गोष्ट कोणी ऐकत नाही.

राहिलेल्या दोन या. आमच्या बार्शीकडे कुडा मी कधी पाहिला नव्हता, नुसतं नाव वाचलं होतं. मार्चमध्ये मी बागेची यादी केली तेव्हा उजवीकडचं झुडूप नागडं उभं होतं, अंगावर नुसत्या वाळक्या बारीक शेंगा. मेलेलं असेल असं समजून मी पुढे गेलो. जूनमध्ये पाहतो तर त्याला पानं आली होती, फुलंही आली होती, आणि ते शेजारच्या झुडपासारखंच दिसत होतं. माझ्याकडचं पुस्तक पातळ होतं. त्यात कुड्याबद्दल लिहिलं होतं: पाने समोरासमोर, चीक पांढरा, फुले पांढरी, पाकळ्या पाच. तगरीबद्दल लिहिलं होतं: पाने समोरासमोर, चीक पांढरा, फुले पांढरी, पाकळ्या पाच.

मग मी माझी अक्कल चालवली. डावीकडचं झुडूप शाळेच्या कोपऱ्यातल्या मारुतीजवळ होतं. माझ्या आधीच्या गुरुजींनी लावलेलं, पाणी घालून वाढवलेलं. पानं काळीभोर, तेल लावल्यासारखी चकचकीत. उजवीकडचं बांधावर आपोआप उगवलेलं. पानं पातळ, फिकी, अळीने भोकं पाडलेली. आता औषधी आणि गुणाचं झाड कोणतं असणार? मी माणसांच्या बाबतीत असा विचार कधी केला नसता. निदान तसं मला वाटायचं. झाडांच्या बाबतीत मी तो पाच मिनिटांत केला आणि पाट्या रंगवून मोकळा झालो.

'विषारी' हा शब्द पुस्तकात नव्हता. तो मी पदरचा घातला. लाल रंग थोडा उरला होता.

प्रत्येक पाटीच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलं होतं: 'माहिती : श्री. होनराव गुरुजी'.

पाट्या माझ्या हाताने बांधत होतो तेव्हा झुंबर पक्कड घेऊन शेजारी उभी होती. ती म्हणाली, "गुरुजी, ह्या दोन उलट्या झाल्या का?"

"उलट्या म्हणजे?"

"आमच्यात ह्याला कुडा म्हनत्यात." तिने बांधावरच्या झुडपाकडे बोट दाखवलं.

मी रागावलो नाही. मी कधीच रागवत नसे, आणि त्याचा मला अभिमान होता. मी पुस्तक आणलं, पान उघडलं आणि ओळीखाली बोट ठेवून तिला वाचायला लावलं. तिने वाचलं. झाडाकडे पाहिलं. पुन्हा वाचलं.

"हे तर दोन्हीलाबी लागू हाये की, गुरुजी."

"म्हणून तर नीट बघावं लागतं," मी म्हणालो.

ती गप्प झाली. मूल गप्प झालं म्हणजे त्याला पटलं, असं समजणाऱ्या मास्तरांपैकी मी एक होतो.

आता साहेबांकडे येतो. तपासणीचा क्रम ठरलेला असे: आधी वर्ग, मग बाग, मग जेवण, आणि जेवण झाल्यावर शेरा. पण त्या दिवशी ओढ्याला पाणी होतं. साहेबांनी मोटरसायकल ओढ्यापलीकडच्या वाडीत ठेवली आणि दोन कोस पायी आले. पोचले तेव्हा दुपारचा दीड वाजला होता. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, बूट हातात.

"होनराव," ते म्हणाले, "तुमची बाग कुठे पळून जात नाही ना?"

"नाही साहेब."

"मग आधी पानं मांडा."

स्वयंपाक झुंबरच्या आईने केला होता. चांगुणाबाई. शाळेत कोणीही पाहुणा आला की चूल तिचीच पेटायची. तिने व्हरांड्यात आमच्या दोघांपुढे ताटं ठेवली. तांदळाची भाकरी, हुलग्याचं पिठलं, भात, आणि कांदा आणि हरभऱ्याची डाळ घालून केलेली एक भाजी.

साहेबांनी पहिला घास घेतला आणि थांबले. "बाई, ही भाजी कसली म्हणायची?"

"फुलांची हाये, साहेब."

"जरा कडवट आहे. पण काय चव आहे."

"एकदा उकळून पिळून घेतली का कडू निघून जातो. समदा नाय काढायचा. समदा काढला तर मंग चव कशाची ऱ्हायली?"

"वाढा अजून."

तिने वाढली. साहेबांनी ती संपवून ताट पुन्हा पुढे केलं. मीही दोनदा घेतली. तिसऱ्या वेळी साहेब म्हणाले, "होनराव, असलं जेवण सोडून तुम्ही बार्शीला निघालात? नशीब बघा माणसाचं."

"साहेब, मुलगी सात महिन्यांची झाली. ओळखत नाही मला."

"बघू, बघू. आधी तुमची बाग ओळखू."

आम्ही हात धुऊन मागे गेलो. प्रत्येक झाडाशी एकेक मूल उभं होतं. अडुळशापाशी अडुळशाची माहिती झाली, निर्गुडीपाशी निर्गुडीची. साहेब खूश होत चालले होते. ते बी.एस्सी. होते, वनस्पतिशास्त्र घेतलेले, आणि आमच्या तालुक्यात हे सांगायला त्यांना फारशी संधी मिळत नसे. सतरा पाट्या झाल्या. मग आम्ही झुंबरपाशी आलो.

"हा कुडा," झुंबर म्हणाली. "हा औषधी आहे. याच्या फुलांची भाजी करतात. ही तगर. ही शोभेची आहे. ही विषारी आहे. हिची फुले खाऊ नयेत."

एकदाही अडखळली नाही.

साहेबांनी डावीकडचं पान हातात घेतलं, उजवीकडचं घेतलं, दोन्हींचा चीक बोटावर पाहिला. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. "शंभर टक्के बरोबर. होनराव, भलेभले इथे फसतात. चीक सारखा, फुलं सारखी. पण ज्याने हा विषय घेतलाय त्याला लांबून कळतं. मला तर त्या कोपऱ्यावरूनच कळलं होतं." मग त्यांनी बांधावरच्या झुडपाकडे मान वर करून पाहिलं. "याची फुलं कुठे गेली?"

खरंच, शेंड्यावरचा एक झुबका सोडला तर झुडपावर फूल नव्हतं. सकाळी पाठांतर घेताना मी पाटीकडे बघत होतो, झाडाकडे नव्हतो.

झुंबरने माझ्याकडे पाहिलं. हा तो दुसरा प्रश्न होता, जो साहेब विचारत नसत. मी डोळ्यांनी 'सांग' म्हटलं. मला वाटलं, ती शेळीचं नाव घेईल.

"आईनं तोडली," झुंबर म्हणाली.

"विषारी फुलं? ती कशाला?"

"तुमच्या भाजीला."

निर्गुडीपाशी उभा असलेला मुलगा आपली माहिती अजून एकदा म्हणत होता, तो मधेच थांबला. साहेबांचा माझ्या खांद्यावरचा हात हळूहळू खाली आला आणि त्यांच्या पोटावर गेला. खरं सांगतो, माझाही गेला. माझ्याच हाताने लिहिलेल्या पाटीवर माझा इतका विश्वास होता की मला मळमळायला लागलं.

"मीठ," साहेब म्हणाले. "मिठाचं पाणी आणा. लवकर."

चांगुणाबाई पेला घेऊन आली. "कोनाला काय झालं?"

"बाई, तुम्ही या झाडाची फुलं घातलीत भाजीत?"

"व्हय. कुडाची. तीनदा घेतली की तुम्ही."

साहेबांनी पेला एका दमात संपवला, दुसरा मागवला आणि शाळेच्या भिंतीआड गेले. पुढचं आम्ही सगळ्यांनी ऐकलं. मुलं शिस्तीने जागेवर उभी होती, कारण हलायचं नाही असं मीच सांगितलं होतं.

चांगुणाबाई भिंतीकडे बघत राहिली. तिच्या तोंडावर भीती नव्हती. आपण रांधलेलं कोणी असं टाकतंय हे ऐकताना बाईचा चेहरा जसा होईल तसा तो झाला होता. मग ती व्हरांड्यात गेली, पायरीवर बसली, भाजीचं पातेलं पुढे ओढलं आणि भाकरीचा तुकडा मोडला. पाहुण्यांचं झाल्यावर जेवायचं म्हणून ती अजून उपाशीच होती.

साहेब रुमालाने तोंड पुसत परत आले. "बाई, खाऊ नका ते. पाटीवर विषारी लिहिलंय."

"मला वाचाया येत नाय, साहेब." तिने घास खाल्ला. "माझ्या आईलाबी येत नव्हतं. हेच खाऊन ती म्हातारी झाली."

"पण..."

"येत असतं तर तुम्हाला पिठल्यावरच भागवाया लागलं असतं."

साहेब माझ्याकडे वळले. त्यांचा आवाज एकदम कार्यालयातला झाला. "होनराव, मला एक सांगा. पाटी खरी, की बाई खरी?"

आता माझी जागा बघा. पाटी खरी म्हटलं, तर मी साहेबाला विष घातलं. बाई खरी म्हटलं, तर बाग खोटी, माझं ज्ञान खोटं, आणि साहेबांनी आत्ताच दिलेले शंभर टक्केही खोटे. दोन्ही बाजूंनी बार्शी लांबच जात होती. मी एक पळवाट काढली. प्रश्न वर्गाकडे ढकलला.

"झुंबर," मी म्हणालो, "तू सांग बरं. कुडा कोणता?"

झुंबरने हात मागे बांधले. "पाटीवरचं सांगू का खरं सांगू?"

साहेबच म्हणाले, "खरं सांग."

ती बांधावर चढली. "ह्यो कुडा. होळीच्या टायमाला ह्याच्यावर एक पान नसतंय, निस्ता उघडा. ती तिकडं मारुतीची तगर बाराही महिने हिरवीगार. आन हे बघा." तिने उडी मारून शेंड्याची फांदी खाली वाकवली. "ह्याची फुलं फांदीच्या टोकाला, झुबक्यानं. तगरीची एक इथं, एक तिथं, आन पाकळीला पीळ. भिंगरीवानी. कुडाच्या पाकळीला तसला पीळ नाय."

साहेब पुढे झाले. दोन्ही फुलं त्यांनी शेजारी शेजारी धरली.

"आन ह्या शेंगा," झुंबर म्हणाली. पानांआडून तिने गेल्या वर्षीच्या दोन वाळक्या शेंगा दाखवल्या, वीतभर लांब, दोऱ्यासारख्या बारीक, एकाच देठाला जोडीने लोंबणाऱ्या. उकलून रिकाम्या झालेल्या. "उन्हाळ्यात फुटत्यात. आतून केसाळ म्हाताऱ्या निघत्यात, आम्ही फुंकून उडवतो. तगरीची म्हातारी कुनी उडवलीया का कधी?"

मार्चमध्ये मी ज्या शेंगा पाहून झाड मेलं असं ठरवलं होतं, त्याच त्या.

साहेबांनी तिच्या हातातली फांदी धरून शेंगा निरखल्या. मग त्यांनी फांदी सोडून दिली आणि घसा साफ केला. "मी मघाशी तेच सुचवत होतो," ते म्हणाले. "माहिती बरोबरच आहे. फक्त पाट्यांची अदलाबदल झालीय. बांधताना. कोणी बांधल्या या?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की, उत्तर तयार आहे, तुम्ही फक्त उचला.

"मुलांनी, साहेब," मी म्हणालो.

झुंबर बांधावरून खाली उतरत होती. ती क्षणभर थांबली, मग उतरली आणि पायाचा चिखल दगडाला पुसत बसली. माझ्याकडे तिने पाहिलं नाही.

साहेबांनी शेरेबुक मागवलं आणि उभ्याउभ्याच लिहिलं. तो शेरा मला अजून पाठ आहे: 'वनस्पती बाग उत्कृष्ट. विद्यार्थ्यांची निरीक्षणशक्ती वाखाणण्याजोगी. विद्यार्थ्यांकडून पाट्या बांधून घेताना शिक्षकांनी लक्ष द्यावे. श्री. होनराव यांच्या बदलीच्या अर्जाची शिफारस करीत आहे.' जेवणाचा आणि भिंतीचा उल्लेख नव्हता. निघताना साहेबांनी मला बाजूला घेतलं. "होनराव, ही आजची गोष्ट इथेच राहू द्या. तुमचं काम मी तातडीने बघतो."

त्यांनी बघितलं. दीड महिन्यात हुकूम आला. तालुक्यात सहा-सहा वर्षं अर्ज करून बसलेले शिक्षक मला विचारायचे, असं काय केलंत हो? मी बागेचं नाव सांगायचो. शंभर टक्के बरोबर पाट्या लावल्या असत्या, तर मी अजून तिथेच असतो असं मला कधी कधी वाटतं. मी पावणेतीनशे किलोमीटर लांब असण्यात साहेबांचाच जास्त फायदा होता.

पण ते नंतरचं. त्या संध्याकाळी शाळा सुटल्यावर मी वर्गात बसून बायकोला पत्र लिहीत होतो. शेरा शब्दन् शब्द उतरवत होतो. त्यातलं पाट्यांचं वाक्य तेवढं गाळलं. पाट्या उद्या बदलू, असा विचार होता. चांगुणाबाई बाहेर भांडी घासत होती. मागून कोणीतरी अक्षरं जुळवत वाचत असल्याचा आवाज आला.

"कु... डा. औ... ष... धी. फु... लां... ची... भा... जी..."

आवाज सोमाचा होता. झुंबरचा धाकटा भाऊ, नुकताच दुसरीत गेलेला. मागच्या वर्षभर काना-मात्रेशी झटून याच महिन्यात त्याला सलग वाक्य जुळायला लागलं होतं, आणि मला त्याचं फार कौतुक होतं. पेन हातात धरून मी ऐकत राहिलो.

"...क... र... ता... त." शेवटचं अक्षर जुळल्यावर तो स्वतःशीच हसला.

मग मला कळलं तो कोणत्या झाडापाशी उभा आहे.

मी धावलो. एक चप्पल चिखलात राहिली. सोमाने सदऱ्याचा ओचा करून त्यात तगरीची फुलं भरली होती, आणि एक फूल तोंडात धरलं होतं, देठाकडून. मी ते ओढून काढलं, त्याला तोंड उघडायला लावून बोट फिरवलं, ओचा उलटा केला. फुलं चिखलात पडली. त्याच्या पोटात काही गेलं नव्हतं. तगरीच्या एका फुलाने कोणी मरतं असं नाही, पण हे तुम्हाला आज सांगतोय. तेव्हा मला ते माहीत नव्हतं. तेव्हा मला काहीच माहीत नव्हतं.

"का टाकली, गुरुजी?" सोमा रडायच्या बेतात होता. "आईची भाजी साहेबांनी वकली. म्हनून चांगली फुलं नेत व्हतो. पाटीवर लिवलंय की. मी समदं वाचलं."

"सोमा..."

"चुकीचं वाचलं का?"

"नाही रे," मी म्हणालो. "तू बरोबर वाचलंस."

मान वर केली तर झुंबर आली होती. भावाला घरी न्यायला. तिने चिखलातली फुलं पाहिली, सोमाच्या ओठावर लागलेला चीक पाहिला, पाटी पाहिली. मग माझ्या एका पायातल्या चपलेकडे पाहिलं. परकराच्या टोकाने तिने सोमाचं तोंड खसाखसा पुसलं.

"मी आत्ता बदलतो पाट्या," मी म्हणालो. "आत्ताच्या आत्ता."

"नको," झुंबर म्हणाली. "बरश द्या."

मी पांढऱ्या रंगाचा डबा आणि ब्रश आणून दिला. तिने पक्कडीने तारा सोडल्या, दोन्ही पाट्या उलट्या करून कोऱ्या बाजूने दगडावर ठेवल्या. मला वाटलं, ती आता लिहायला लागेल. पण ती उठून पुढे गेली आणि आईचा हात धरून तिला घेऊन आली. चांगुणाबाईच्या हाताला अजून राख होती.

"आई, तू सांग. मी लिवते."

"काय सांगू?"

"ह्यो कुडा कसा वळखायचा त्ये."

"त्यात काय सांगायचंय? बघितला का कळतो."

"ज्यांना बघून कळत नाय त्यांच्यासाठी," झुंबर म्हणाली.

चांगुणाबाईने माझ्याकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. मग ती एकेक सांगत गेली आणि झुंबर जीभ बाहेर काढून लिहीत गेली. होळीला पान नाही. फुलं टोकाला झुबक्यानं. शेंगा बारीक, जोडीनं. भाजी होते, उकळून पिळून. मग दुसऱ्या पाटीवर: पान चकचकीत, कधी झडत नाही. पाकळीला पीळ. देवाला वाहा, खाऊ नका. ब्रश जाड होता, ओळी वाकड्या जात होत्या, पण एकदाही तिला थांबावं लागलं नाही.

तळाशी माझं नाव असायचं तिथे तिने लिहिलं: 'माहिती : चांगुणाबाई.' बोट खाली ठेवून आईला ते वाचून दाखवलं. मग थोडा विचार केला, ब्रश पुन्हा डब्यात बुडवला, आणि त्याच्याखाली अजून एक ओळ घातली: 'पाटी बांधली : झुंबर.'

दोन्ही पाट्या तिने आपल्या हाताने बांधल्या. ओढून पाहिल्या. मग ब्रश माझ्या हातात दिला, दोन पावलं मागे सरून सकाळी मी जिथे उभा होतो तिथे उभी राहिली, आणि हात मागे बांधले.

"म्हना, गुरुजी," ती म्हणाली.

मी म्हणायला लागलो. हा कुडा. होळीला याला पान नसतं. फुलं टोकाला, झुबक्याने. शेंगा... शेंगांपाशी मी अडखळलो.

"पुन्हा म्हना," झुंबर म्हणाली.